वळायला जागा

"शिंपिणीला टेप आणायला सांगता आणि स्वतः हात हलवत येता," ताई टाकीवाल्याला म्हणाली. "मापाशिवाय काम करायचं ठरवलंय की काय?"

टाकीवाला ओशाळून हसला. ताईचा धाकटा भाऊही हसला. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवत होतं, म्हणून भावजय उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.

ताईने हॉलमधल्या माशाच्या टाकीच्या काचेवर टेप धरली. मासा नाकापासून शेपटीपर्यंत तीन फुटांना चार बोटं कमी भरला. टाकी रुंदीला जेमतेम दीड फूट. वळायचं झालं की त्याला अंग दुमडावं लागे, पाठ काचेला घासे. ओठावर पांढरा चट्टा पडला होता. आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता. 'मासा टाकीएवढाच वाढतो,' असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. माशाला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने सोबतचे सोनेरी मासे एकेक करून गिळले, शेवटी तळाची गोगलगायही सोडली नाही, आणि तो वाढतच राहिला.

"टाकीची रुंदी निदान त्याच्या लांबीएवढी पाहिजे," टाकीवाला म्हणाला. "वळताच आलं नाही तर कणा वाकतो. मग फार दिवस काढत नाही."

"म्हणजे एक तर मोठी टाकी," भाऊ म्हणाला, "नाहीतर देऊन टाकायचा. कोपऱ्यावरचा खाणावळवाला घेतो म्हणतोय."

मासा भावाने हौसेने आणला होता. त्याची हौस महिनाभरात फिटली आणि मासा ताईच्या गळ्यात पडला. पाणी तीच बदलायची, खिम्याचे गोळे तीच भरवायची. तिच्या चपलांचा आवाज आला की तो काचेशी येऊन थांबे. घरात तिची वाट बघणारा तेवढा एकच होता. आईवडील गेल्यावर तिने शिवणाच्या मशीनवर भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं. आता मागची खोली, तिथली कॉट, खिडकीखालचं मशीन आणि हा मासा, एवढाच तिचा संसार.

"तूच सांग, ताई," भाऊ म्हणाला. "तुझ्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही."

"हो ना," भावजय म्हणाली. "तुमचा शब्द शेवटचा."

आज कोणती भाजी करायची, हेही या घरात कुणी ताईला विचारत नसे. ती सरसावून बसली. इतक्या वर्षांचं न बोललेलं एकदम तोंडाशी आलं.

"मग ऐका. तो कुठेही जाणार नाही. या घरात वाढला, या घरातच राहील. इतकी वर्षं सांभाळलेला जीव, जागा अडवतो म्हणून बाहेर काढतात का कुठे? त्याला लागेल तेवढी जागा करा. माणसांनी थोडं अडचणीत राहावं."

भाऊ आणि भावजयीने एकमेकांकडे पाहिलं.

"बघ, तूच म्हणालीस," भाऊ म्हणाला आणि पडत्या फळाची आज्ञा मानून उठला. "हॉलमध्ये मोठी टाकी मावणार नाही. मागच्या खोलीत बसवू."

ताईचा चेहरा उजळला. म्हणजे मासा तिच्या मशीनशेजारी राहणार होता. टिपा घालता घालता मान वर केली की समोर तोच दिसणार. ती लगबगीने मागच्या खोलीत गेली आणि मशीन ओढायलाही लागली.

"हे कोपऱ्यात सारलं की झालं. बसेल की नाही?"

"कोपऱ्यात नाही, मावशी," टाकीवाला दारातूनच म्हणाला. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"अहो, मग माझी कॉट?"

मग भाऊ तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हा हातही बऱ्याच वर्षांनी आला होता.

"त्या नव्या वृद्धाश्रमात मी बोलून ठेवलंय. चौघीजणी एका खोलीत असतात. तुला सोबत होईल. इथे दिवसभर एकटी तर असतेस."

ताईचा हात मशीनच्या चाकावरच राहिला.

"तिथे मशीन नेता येईल?"

"नाही गं. जागा नाही तिथे." भाऊ समजुतीने म्हणाला. "आणि तुला आता जागा लागते तरी किती?"

ताईने गळ्यातली टेप काढली. बोटाभोवती हळूहळू गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. हॉलमध्ये मासा काचेशी येऊन थांबला होता. भावाकडे तिने पाहिलं नाही. काकुळतीला येऊन ती टाकीवाल्याशी बोलली.

"एवढी मोठी काच. कापून यायला दिवस लागतील ना?"

टाकीवाल्याला तिची दया आली असावी. म्हाताऱ्या बाईचा जीव उगाच टांगणीला नको, म्हणून त्याने हळू आवाजात खरं ते सांगितलं.

"नाही, मावशी. तुम्ही मागे डोळे तपासायला गेला होता, तेव्हाच मी माप घेऊन गेलो. काच खाली टेम्पोतच आहे."