फक्त ड्रोनचा विमा

"माझ्या ड्रोनने कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही!" नचिकेतने विमा एजंट हेमाडेकाकांना सुनावलं. "दुसऱ्याला लागलं तर भरपाईचा विमा कशाला? ड्रोन माझा आहे, लोक माझे थोडेच आहेत? ड्रोनचाच काढा."

रविवारी तो ड्रोनने शूटिंग करत असलेल्या एका लग्नात शेवटचं 'सावधान' झालं. मागच्या रांगांनी नेहमीप्रमाणे बसल्या जागेवरूनच अक्षता भिरकावल्या. त्या नवरा-नवरीऐवजी वर घोंघावणाऱ्या ड्रोनच्या पंख्यांत गेल्या. ड्रोन नवरीच्या मामांच्या पायावर कोसळला.

"काका, मामांचा पाय मोडला! भरपाई मागतायत," नचिकेत मामांच्या शेजारूनच फोनवर रडकुंडीला आला.

"आणि ड्रोन?"

"ओरखडासुद्धा नाही."

"मग अभिनंदन! विमा काढलेलं सगळं सुखरूप आहे."

निदान ड्रोनचा तरी क्लेम मिळावा म्हणून नचिकेतने तो फरशीवर आपटला. ड्रोनला काहीच झालं नाही. तो उसळून मामांच्या दुसऱ्या पायावर पडला.