दीड महिन्याचा पाहुणा

संत दोमेनिकोच्या मिरवणुकीला दीड महिना उरला, तसे नुन्त्सियाचे बाबा तिला सोबत घेऊन डोंगरावर साप निवडायला निघाले. गावची दरवर्षीची रीतच ती: मिरवणुकीपर्यंत साप घरात सांभाळायचा, मिरवणुकीत संताच्या मूर्तीवर चढवायचा आणि मग परत त्याच बिळाशी नेऊन सोडायचा.

"बाबा, यंदा मी धरते. तुमच्या हातात कॉफीसुद्धा हिंदकळते."

"कॉफीला कुठं जीव असतो, बये?"

दोन साप त्यांनी जाऊ दिले. तिसरा दगडी बांधातून डोकावला, चार पट्ट्यांचा, बिनविषारी, चांगला सहा फुटी. बाबांनी थरथरता हात तसाच पुढे केला. साप सावकाश मनगटावर चढला, वेढे घालत कोपरापर्यंत गेला. नुन्त्सिया सापाकडेच बघत राहिली. हात थरथरायचा थांबलाय, हे तिला उशिरा दिसलं.

"आणि तुला वाटतं," बाबा हळूच म्हणाले, "याला मी सांभाळतो."