तारप्याकडे पाठ

"पाहुण्यांकडे तोंड करून नाचा! म्हाताऱ्याकडे काय बघताय?" सर विंगेतून ओरडले. आम्ही घाबरून वळलो.

आमच्या वर्गातल्या बारकीच्या आजोबांनी तारपा वाजवणं थांबवलं. वारल्यांच्या नाचात तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही, हे बारकीने आम्हांला महिनाभर शिकवलं होतं.

"वाजवा हो बाबा! मंत्री बसलेत समोर." सर पुन्हा ओरडले.

आजोबांनी तारपा खाली टेकवला. हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. मी माईककडे धावले. आज सरांना सगळ्यांसमोर सुनावणारच होते.

बारकीने माझा हात घट्ट धरला. "आमच्या वाटचं तू बोलू नको. नाचायला आलीस ना? मग फिर."

"फिरलीस तर कॉलेजातून काढीन!" सर खेकसले.

मी मंत्र्यांकडे पाठ केली. मागोमाग सगळी रांग फिरली. तारपा घुमला.

मागे मंत्र्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीही वळलं नाही.