निरंक

नदीवर मोठं धरण होणार, असं चौऱ्याऐंशी साली कानावर आलं, तशी रुखमा ढिवरीण तालुक्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. दिल्लीहून आलेल्या फॉर्मात किनाऱ्यावरची घरं, डोंगे, मासेमार यांची माहिती भरायची आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"बाबूजी, आमचंबी लिहा जी. नदीच्या काठावर चाळीस घरं हायेत आमची."

बाबू हसला. "बाई, हा फॉर्म समुद्रकिनाऱ्याचा हाये. आपल्या भंडाऱ्यात समुद्र कुठी आला?"

आणि तिच्यासमोरच त्यानं रकाने भरले. घरं निरंक. डोंगे निरंक. बाधित माणसं निरंक.

"मंग आमचा फॉर्म कोणता?"

"तुमचा नाही निघाला अजून."

कागदात आपलं नाव नाही, म्हणजे आपल्याला धक्का नाही, अशी मनाची समजूत घालत रुखमा दुपारी घरी परतली. अंगणात लाल रंगाचे ओले थेंब पडले होते. तिनं वर पाहिलं. सर्व्हेवाला माणूस डबा आणि ब्रश घेऊन चिंचेवर चढला होता.

"कायचं निशाण मारून राहिले जी?"



"पाणी इथवर येईल, मावशी," चिंचेच्या शेंड्यावरून उत्तर आलं.