डाव्या हातावरचा पदर

आईला शेवटची हिरवी साडी नेसवून झाली. उजव्या हातात बांगड्या भरल्यावर सरुमावशी थांबली, कारण डावा हात कोपराखाली नव्हताच. तिने उरलेल्या बांगड्या आईच्या उशाशी ठेवल्या आणि पदर ओढून तो हात झाकला. "मावशी, उघडाच राहू दे," मी म्हणाले. "लोणावळ्याच्या हॉलपासून परदेशातल्या कोर्टापर्यंत चौदा वर्षं ती अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात बॅडमिंटन खेळली. तिथे कधी झाकला नाही." "ते खेळात गं. हितं समदं औंढे गाव गोळा झालंय," मावशी म्हणाली, "आन् तुज्या लग्नात तूच झाकाय लावला व्हतास न्हवं?" खरं होतं. सासरचे फोटोला उभे राहिले, तेव्हा मीच कानात सांगितलं होतं. आई हसून म्हणाली होती, "फोटो निघेपर्यंतच हं, मला उकडतं." पण पाठवणीपर्यंत तिने पदर काढला नव्हता. आता मी तो बाजूला केला.