बोट न धरता

सुताराने लेकीसाठी घरच बदलून टाकलं होतं. आधी तो स्वतः गुडघ्यांवर रांगत खोल्याखोल्यांतून फिरला; तिच्या उंचीवरून बघितल्याशिवाय धोका कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्याने टेबलाचे कोपरे घासून गोल केले, कपाटं भिंतीला पक्की ठोकली आणि जिन्याच्या तोंडाशी बुटकं दार बसवलं. त्याचा खटका आधी दाबायचा, मगच कडी उचलायची. सासूबाईंना ते अजून जमलं नव्हतं, याचं त्याला कोण कौतुक.

घरात नियम एकच होता, पोरीला कुणी बोट द्यायचं नाही. पडेल, उठेल, आपली आपण शिकेल.

त्या दुपारी ती टेबलाला धरून उभी राहिली आणि टेबल सोडून चालायलाच लागली. एक, दोन, पाच पावलं. सुताराचा ऊर भरून आला.

"बघितलंस? कुणाचा म्हणून आधार नाही."

बायको हसली नाही. "तिचा हात वर का आहे?"

पोरीचा डावा हात डोक्यावर ताणलेला होता. मूठ पुरती मिटलेली नव्हती. आत बोटभर जागा होती.

"तोल सांभाळतेय. माझीच लेक आहे ती."

पोर जिन्याच्या दारापाशी थांबली आणि मान वर करून ओळखीचं हसली.

"ते नाही हं उघडायचं, बाळा," सुतार ऐटीत म्हणाला. "बाबांनी केलंय ते."

खटका दबला. मग, सावकाश, कडी उचलली गेली.