तेराचा पत्ता
काम किती दिवसांचं, हे टीममध्ये पत्त्यांवर ठरायचं: प्रत्येकाने आकड्याचा पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळे एकदम उलटायचे, म्हणजे कुणी कुणाचं बघून ठेवत नाही. ही पद्धत टीमप्रमुखानेच आणलेली. मागच्या खेपेला बाकीच्यांचे तीन आले, नव्या मुलीचा तेवढा तेरा. "अगं, दिवस विचारलेत, तुझं वय नाही!" टीमप्रमुखाच्या या विनोदावर खसखस पिकली. तिने मुकाट्याने पत्ता बदलून तीनचा ठेवला. कामाला चौदा दिवस लागले. "सगळ्यांचाच अंदाज चुकला," त्याने साहेबांना तिच्यादेखत सांगितलं. आज तिची सगळ्यांसमोर माफी मागायची, असं तो घरून घोकून आला होता. पण जीभच रेटेना. "चला, ठेवा पत्ते," एवढंच तोंडातून निघालं. पाच पत्ते पालथे पडले. तिचा हात गड्डीवरच थबकला होता. "दादा," तिने साधेपणाने विचारलं, "तुमचा कितीचा? तोच ठेवते."